घरटी एक मत

"दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं," असं दीपक म्हणाला तेव्हा तो उंबऱ्यात उभा राहून बूट काढत होता. मुंबईहून पहाटेच निघून आला होता, अजून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि चुलत बहीण अंकिताच्या केसचा निकाल मात्र त्यानं लावून टाकला होता.

कुशाबा पार्टे ओटीवर आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. त्यांचा हा थोरला मुलगा भांडुपला राहतो, तिथल्या ग्रामस्थ मंडळाचा सेक्रेटरी आहे, आणि गावी आला की घरातसुद्धा मंडळाची मिटिंग चालवल्यासारखा बोलतो. कुणी मध्ये बोललं की हात वर करतो. बायकांसमोर तर दोन्ही हात वर करतो.

"फर्स्ट केस हाय, लेडीज हाय, वर शाळेत शिकवते. साहेब फाईन मारणार आणि सोडणार. मी बोललोय एका माणसाशी."

"कुठल्या माणसाशी?" अंकितानं विचारलं.

"कोर्टाकडचाच हाय. तुला काय करायचंय?"

"केस माझ्यावर हाय, दीपकदादा. मला नाय तर कुणाला करायचंय?"

केस काय होती ते एव्हाना वरंधपर्यंत शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. वाडीच्या वरच्या अंगाला झरा आहे. त्याच्या बाजूची जमीन पुण्याच्या एका शेठनं घेतली, फार्महाऊस बांधलं, झऱ्यात जाडजूड पाईप घातला आणि भोवती तारेचं कुंपण ओढलं. दिवाळी सरली आणि वाडीच्या नळाला चूळ भरण्यापुरतंही पाणी येईना. ग्रामपंचायतीला अर्ज झाले, तहसीलला अर्ज झाले, शेठच्या माणसांना हात जोडून झाले. मग एका रविवारी अंकिता कोयता घेऊन वर गेली आणि तिनं पाईप तोडला. सुपरवायझर धावत आला, घाईघाईत तार ओलांडायला गेला आणि मनगट फाडून घेतलं. पोलिसांत त्यानं लिहून दिलं, बाईनं कोयत्यानं वार केला.

पोर जामिनावर सुटली होती. मंगळवारी महाडच्या कोर्टात तिच्यावरचे आरोप वाचून दाखवणार होते आणि विचारणार होते, कबूल आहे का. त्याआधीच्या रविवारी घरात हे चाललं होतं.

"कबूल केलं की माझी नोकरी गेली," अंकिता म्हणाली. पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरातल्या शाळेवर ती शिक्षणसेवक होती, पुढच्या वर्षी कायम व्हायची होती. "कोयत्यानं माणूस मारणारी बाई पोरांना शिकवायला कोण ठेवील? आणि मी मारलंच नाय. पाईप तोडला. ते मी शंभर माणसांत सांगेन."

"आणि लढलीस तर? वर्षानुवर्षं तारखा. त्या वकीलबाईची फी कोण भरणार? तुझा सोळा हजार पगार?" दीपकनं बापाकडं पाहिलं. "बाबा, ती आता पुढच्या टप्प्याचे तीस मागते. जामिनाचे घेतले ते वेगळे. त्याच्यापेक्षा फाईन कमी पडतो. सिंपल हिशोब हाय."

कोपऱ्यात सोमा बसला होता. तिघा भावांतला धाकटा. त्याचा धंदा दगडी बांध घालण्याचा, त्यामुळे जगातल्या कुठल्याही कामाचे त्याच्या लेखी दोनच प्रकार. उक्तं, म्हणजे सगळ्या कामाचे ठरवून एकदाच घ्यायचे, नाहीतर रोजानं. त्याला वकिलाची फी पहिल्यापासून पटली नव्हती.

"हे टप्पे काय ते मला कळत नाय," तो म्हणाला. "उक्तं घ्यावं नायतर रोज घ्यावा. उक्तं दिलं तर माणूस उरकतो, रोजानं दिलं तर लांबवतो, एवढं आपल्याला म्हाईत असतं. ही बया दोन्हीच्या मधी बसलीय."

"तेच सांगतोय मी, काका. शेवटी लूट हाय सगळी."

सोमाला लूट म्हणायचं नव्हतं, पण पुतण्या आपल्या बाजूनं बोलतोय म्हटल्यावर तो गप्प राहिला. यंदा बांधाचं एकही काम हाताला लागलेलं नव्हतं. जामिनाच्या वेळी घरटी काढले तेव्हा त्यानं बायकोच्या बचतगटातून आणून दिले होते. ते अजून फिटायचे होते आणि त्याचा आवाज त्यापायीच चढत नव्हता.

घरटी म्हणजे काय ते पार्ट्यांना सांगायला लागत नाही. खर्च निघाला, मग तो पालखीचा असो नाहीतर आजारपणाचा, की घरामागं सारखे काढायचे. आणि ज्या घरानं काढले त्या घरानं मत द्यायचं. बापजाद्यांपासून असंच चाललं आहे आणि वाईट आहे असंही कुणी म्हणणार नाही. फक्त एक गोम होती. मधला भाऊ वारला तेव्हा त्याच्या घरचे पैसे घेणं कुणी थांबवलं नाही. मत मात्र तेव्हापासून कुशाबा देत. आनंदीबाईंनी पैसे आणून थोरल्या दिरासमोर ठेवायचे, आत जायचं, आणि आपलं मत काय पडलं ते आतून ऐकायचं.

"चला, मत घेऊ," कुशाबा म्हणाले. "दीपक, आपल्या घराचं?"

"कबूल करायचं."

"सोमा?"

सोमानं हाताची बोटं मोडली. "कबूल करा. काय करणार."

कुशाबांनी घसा खाकरला. मधल्या घराचं मत द्यायच्या आधी ते नेहमी घसा खाकरायचे. "मधल्या घराचं पण कबूल."

"मधलं घर हे काय हितं बसलंय, मोठे बाबा," अंकिता म्हणाली. "मी हाय, आई हाय. तुमी कुणाचं सांगताय?"

"पोरी, रीत हाय ती."

"रीत पालखीला लावा. जेलात पालखी जाणार नाय, मी जाणार."

दाराआड आनंदीबाई शेवग्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. शेंगेचा कट् असा आवाज येत होता तो थांबला. एवढंच. त्या काही बोलल्या नाहीत, आणि सगळ्यांना वाटलं की त्यांनाही पटलं असावं. माणसं गप्प बसणाऱ्याच्या तोंडी आपल्याला हवं तेच घालतात.

"ठरलं तर," दीपक म्हणाला. "आजच महाडला जाऊन मॅडमना सांगून टाकू. पैसे आपण भरतोय, बोलणार पण आपण."

* * *

ॲडव्होकेट आम्रपाली यांचं ऑफिस चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. वीस मार्च, तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस, तोंडावर आला होता, रस्त्यात मांडवाचे बांबू पडले होते, निळ्या झेंड्यांचे गठ्ठे सुटत होते, आणि दीपकला गाडी लावायला जागा मिळेना म्हणून तो सबंध गल्लीवर चिडला होता. वर चढेपर्यंत त्याचा राग जिन्यालाही पुरला.

बाई चाळिशीच्या आत-बाहेरच्या, जवळच्याच नाते गावच्या. बाप शाळामास्तर होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्यांनी खालच्या दुकानातून स्टुलं मागवली, सगळ्यांसमोर पाणी ठेवलं आणि म्हणाल्या, "बोला."

कुशाबांनी ग्लासाकडं पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवला. "माझा उपास हाय."

"पाण्याला उपास नसतो, कुशाबा," बाई म्हणाल्या. जामिनाच्या वेळीही तो ग्लास भरलेला परत गेला होता आणि तो का परत गेला ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा आवाज चढला नाही, पण नजर ग्लासावरून हललीही नाही. शेवटी म्हाताऱ्याला ग्लास उचलावा लागला. अर्धा प्यायले. त्यांच्या बाजूला आनंदीबाईंनी आपला ग्लास केव्हाच संपवला होता आणि आणखी मागून घेतला होता.

दीपकनं सुरुवात केली. मंगळवारी गुन्हा कबूल करायचा ठरलंय, सगळ्या घरांचं एकमत आहे, मॅडमनी त्या दिवशी तसं सांगावं, आणि आता पुढचा टप्पाच राहत नाही तर त्याचे पैसेही लागू नयेत.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सोमाकडं वळल्या, कारण सोमा मघापासून काहीतरी विचारायला तोंड उघडत होता.

"तुम्हाला काय विचारायचंय?"

"राग मानू नका, मॅडम. हे टप्पे म्हंजे काय? आमच्यात उक्तं असतं नायतर रोज असतो."

"राग कसला. हे पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. विचारत कुणी नाही, मग बाहेर जाऊन वकील लुटतात म्हणून सांगतात." बाई खुर्चीत मागं टेकल्या. "आमच्यातही तसंच आहे. काही वकील सबंध केसचे ठोक घेतात, म्हणजे तुमचं उक्तं. त्यात धोका असा की केस दहा वर्षं चालली तर वकिलाचा जीव जातो आणि दोन तारखांत संपली तर तुमचा. काही तारखेवर घेतात, तो तुमचा रोज. त्यात साहेब रजेवर असले, नुसती पुढची तारीख पडली, तरी तुमचे गेले. मी काम जिथं जिथं खरोखर वाढतं तिथं टप्पा पाडते. जामीन हा एक. आरोप ठेवण्यापासून साक्षीदारांच्या उलटतपासणीपर्यंत दुसरा, तो सगळ्यात मोठा, कारण अभ्यास तिथं असतो. शेवटचा युक्तिवाद तिसरा. नकला, टायपिंग, स्टँप हा खर्च माझा नाही, तो होईल तसा, पावती दाखवून. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"ह्यात नाय," सोमा म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं आणि कळल्याचं जरा आश्चर्यही वाटलं होतं. "पाया, भिंत आणि वरचा थर. तसंच झालं."

"तसंच."

"पण मॅडम, माझा बांध पहिल्या पावसात पडला तर मी फुकट परत घालून देतो. पोरीला शिक्षा झाली तर तुमी काय परत देणार?"

दीपक हसला. बाई हसल्या नाहीत.

"काही नाही. आणि सुटली तर एक रुपया जास्तही घेणार नाही. निकालावर फी ठरवायची आम्हाला मनाई आहे. कुणी वकील तुम्हाला म्हणाला, सुटली तर एवढे द्या नाहीतर नको, तर त्याच्या दारातून चपला घालून सरळ निघायचं. तुमचा बांध तुमच्या एकट्याच्या हातात असतो, सोमाभाऊ. माझ्या समोर सरकारी वकील असतो, साक्षीदार असतात, वर न्यायाधीश असतात. मी मेहनतीचे घेते. निकालाचे घेत नाही, कारण निकाल माझा नसतो."

सोमानं मान हलवली. पडलेल्या बांधापायी त्यानं आयुष्यात बऱ्याच शिव्या खाल्ल्या होत्या. ही बाई पाणी लागलेल्या जमिनीतही पाया किती खोल जाईल ते आधी सांगतेय, हे त्याला आवडलं.

"ते राहू दे," दीपक म्हणाला. "आपल्याला लढायचंच नाय तर हे सगळं कशाला? मंगळवारी गिल्टी बोला, फाईन भरतो, विषय क्लोज."

"फाईनच होईल हे तुम्हाला न्यायाधीशांनी कळवलंय?"

"एक माणूस बोलला."

"त्या माणसाला म्हणावं, न्यायाधीश हो आणि मग सांग. या कलमाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दंडावर सोडतील किंवा नाही सोडणार. कबूल केल्यावर मी काही करू शकत नाही, आणि नोकरी तर त्याच दिवशी अडचणीत येते."

"मॅडम, पैसे आमी भरतो. तीन घरांनी घरटी काढून भरलेत. तुमाला काय करायचं ते आमी सांगणार ना?"

तेव्हा बाईंनी टेबलावरची फाईल मिटली.

"दीपकराव, तुमची एक चूक होतेय, ती आत्ताच निस्तरू. फी तीन घरांनी भरो, ग्रामपंचायत भरो, नाहीतर रस्त्यानं जाणारा भरो. माझी अशील एकच आहे. वकीलपत्रावर सही अंकिताची आहे. तिनं सांगितल्याशिवाय मी कोर्टात तिच्यासाठी एक शब्द बोलणार नाही. आणि मंगळवारी तर मलाही नाही विचारणार. तिला विचारणार. तिच्या तोंडून उत्तर घेणार. तिथं घरटी चालत नाही."

खाली मांडवाचा बांबू कुणीतरी जोरात आपटला.

"आणि आनंदीबाई," बाई वळल्या, "तुम्ही कधीच्या गप्प आहात. तुमचं काय म्हणणं?"

आनंदीबाईंना पहिल्यांदा वाटलं, मागं आणखी कुणी उभं असेल. नवरा गेल्यापासून पैशाच्या गोष्टीत त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. सून म्हणून आल्यापासूनचंच आठवायला बसल्या असत्या तर तेव्हाही विचारलेलं आठवलं नसतं.

"मला विचारताय?"

"तुम्हालाच."

"मंग ऐका. हिनं मारलं असतं तर मीच हिला कानाला धरून कबूल करायला आणली असती. हिनं मारलं नाय. आमच्या पाण्यापायी गेली ती, वाडीतल्या एकाही गड्याची छाती झाली नाय तेव्हा गेली." त्यांनी कुशाबांकडं न बघता पुढं म्हटलं, "सकाळी घरात मधल्या घराचं मत पडलं ते मी दिलं नव्हतं. मी शेंगा मोडत होते. माझं मत मला आत्ता द्यायचंय. पोरगी खोटं कबूल करणार नाय."

"आनंदी," कुशाबा म्हणाले.

"बोलून झालं माझं, भावजी."

बाईंनी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. अशिलाशी एकटीशी बोलायचं होतं. दीपकनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण सोमानं त्याला खांद्याला धरून दाराबाहेर नेलं. आणि ते सोमानं करावं याचाच दीपकला जास्त राग आला.

* * *

दार लागल्यावर अंकितानं पहिल्यांदा डोळे पुसले. बाहेर तिनं ते पुसले नसते, मेली असती तरी.

"पाईप तोडलास?" बाईंनी विचारलं.

"तोडला."

"मारलंस?"

"नाय. त्याच्या हातातून रक्त आलं तेव्हा मी ओढणी फाडून बांधली. ती त्यानं पोलिसांत दाखवली नाय."

"तिच्याबद्दल आपण विचारू त्याला. उलटतपासणीत." बाईंनी फाईलवर पेन्सिलीनं काहीतरी टिपलं. "पाईपचं नुकसान केल्याचं कलम आहेच. पण झऱ्यावर पाईप घालायचा त्याला हक्क कुणी दिला ते आधी त्याला दाखवू दे. पाण्याची केस महाडात कशी लढायची ते मला कुणी शिकवायला नको. आता पैशाचं बोल. घरटी येणार नाही असं धरून चाल."

"नकोच मला. ज्याचे घेऊ तो तोंडात बोळा घालतो." तिनं पर्स उघडली. "पगारातून महिन्याला देईन. चालेल?"

"आधी दुसरं ऐक. तू बाई आहेस. कुठल्याही बाईला कोर्टाकडून मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो. विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. एक पैसा पडत नाही. कोण वकील मिळेल ते ते ठरवतात. मी सांगितलं नसतं तर माझी फी बुडाली नसती, पण मग मी बसून खाल्ली असती, आणि ते मला पचलं नसतं."

अंकितानं उघडलेली पर्स मिटली. एक पैसा न देता लढता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला रागही आला, कुणाचा ते कळेना. आपल्याला कसं माहीत नव्हतं? इतकी पुस्तकं वाचून, पोरांना नागरिकशास्त्र शिकवून?

"म्हंजे मला कुणाचं ऐकायची गरजच नव्हती."

"नव्हतीच."

"मंग मला तुमीच पायजेत," ती म्हणाली. "फुकटाचा वाईट म्हणून नाय. आईला तुमी विचारलंत, म्हणून. महिन्याला देते. पावती द्या."

"पावती न देता मी खालच्या चहाचेही घेत नाही," बाई म्हणाल्या आणि पुस्तक ओढलं.

* * *

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी कुशाबा बाकावर बसले होते. सोमा आणि दीपक उभेच होते, आनंदीबाई वर जिन्यातच लेकीसाठी थांबल्या होत्या.

"दादा, आता सांगतोच," सोमा म्हणाला. "हे दंडाचं कुठनं आलं ते विचार तुझ्या लेकाला. शेठ तुझा वरचा वरकस घ्यायला बसलाय. कुंपणाला लागून हाय ना. केस मिटली तर घेणार, नायतर नाय. मला तिथल्या गवंड्यानं सांगितलं."

कुशाबांनी दीपककडं पाहिलं. नाचणीचं रान ते, दगड फार आणि माती थोडी. पण कुशाबांच्या आज्यानं ते फोडलं होतं, आणि तिथला बांध सोमानं घातलेला पहिला बांध होता. अजून उभा आहे.

"खरं काय ते बोल."

"बाबा, रेट चांगला देतोय तो. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, घराचा हप्ता हाय, ती जमीन नुसती पडून—"

"जमीन पडून हाय का उभी हाय ते मी बघतो. शेठला कुणी सांगितलं की मी विकणार?"

दीपकनं खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

"माझं मत तू दिलंस?"

"तुमी काकीचं देता तसंच दिलं," दीपक म्हणाला.

बोलून गेल्यावर त्यालाही वाटलं, हे बोलायला नको होतं. पण शब्द बाकावर येऊन बसला आणि तिथून उठेना. टपरीवाल्यानं चहा पुढं केला तो कुशाबांनी घेतला नाही. उपास नव्हता, तरी घेतला नाही. समोरच्या जिन्यावरून आनंदीबाई आणि अंकिता उतरत होत्या. मायलेकी काहीतरी बोलत होत्या आणि आनंदीबाई हसत होत्या. भावाची बायको हसताना कशी दिसते ते कुशाबांना आठवायला वेळ लागला.

मग गाडी घरी निघाली. सोमा मागच्या सीटवर मायलेकींच्या मध्ये दाटीवाटीनं बसला. पुढं बसायला गेला नाही.

* * *

मंगळवारी दीपक मुंबईला निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो गेला नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात एका खांबाला टेकून उभा राहिला, कुणाच्या बाजूनं ते त्याचं त्यालाच ठरत नसावं. शेठचा सुपरवायझर मनगटावरचा व्रण सगळ्यांना दिसेल अशी बाही दुमडून आला होता.

आतल्या बाकावर कुशाबा, आनंदीबाई आणि सोमा एका ओळीत बसले. कुशाबांना आदल्या रात्री झोप आली नव्हती. त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. थोरल्या माणसानं ठरवलेलं सांगायची त्यांना सवयच नव्हती. वेळ आली की ते नुसतं बोलत आणि मग ते झालेलं असे.

पुकारा झाला. अंकिता पुढं जाऊन उभी राहिली. शाळेत जाते तीच साडी, तशीच पिन लावलेली. आम्रपाली बाई बाजूला, हात मागं बांधून. न्यायाधीशांनी आरोप वाचायला सुरुवात केली. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, कुंपणात बेकायदा शिरून, पाईपचं नुकसान करून, कोयत्यासारख्या धारदार हत्यारानं दुखापत केली. मराठीच होतं, पण ऐकताना ते दुसऱ्याच कुणा बाईबद्दल असल्यासारखं वाटत होतं, आणि आनंदीबाईंना त्या दुसऱ्या बाईची भीती वाटली.

"आरोप समजले?"

"समजले."

"गुन्हा कबूल आहे का?"

त्या प्रश्नानंतर कोर्टात जरा थांबतात, तेवढंच थांबले. आणि तेवढ्यात बाकावर कुशाबांनी घसा खाकरला.

मोठ्यानं खाकरला. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागं पाहिलं. त्यांचे हात गुडघ्यांवर आले, म्हातारा उठायच्या बेतात होता, आणि ओठांवर जे होतं ते "नाय" होतं. रात्रभर त्यांनी तेच ठरवलं होतं. मधल्या घराचं मत आज ते बरोबर देणार होते.

आनंदीबाईंनी त्यांच्या बाहीवर हात ठेवला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी थोरल्या दिराच्या अंगाला कधी बोटही लावलं नव्हतं.

"भावजी," त्या हळू म्हणाल्या, "बसा."

कुशाबा बसले.

"नाही," अंकिता म्हणाली. "कबूल नाही."

न्यायाधीशांनी समोर पाहिलं, स्टेनोला खूण केली, आणि तिचं उत्तर टाइप व्हायला लागलं.